माशाच्या घराला वाली हवा : राष्ट्रीय मत्स्य अधिवास मंडळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेच्या काठच्या गावांत आम्ही काही जण नदीतल्या माशांवर बोलत फिरतो. माशाच्या घराची, म्हणजे अधिवासाची, काळजी घेणारं अमेरिकेसारखं राष्ट्रीय मंडळ आपल्याकडंही हवं, असं आमचं म्हणणं. कधी शाळेच्या वर्गात, कधी गणपतीच्या मांडवात, एकदा तर बंधाऱ्याच्या कठड्यावर बसूनच. बोलणं संपलं की प्रश्न तेच येतात. "अमेरिकेत असेल मंडळ, आपल्याकडं कशाला?" इथपासून "आमची मोटर बंद करणार काय?" इथपर्यंत. एकदाची उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत.

मत्स्य अधिवास म्हणजे काय? नदी म्हटलं की झालं की!

नाही होत. खडस घ्या. दख्खनचा महसीर तो हाच. याला अंडी घालायला वाहतं पाणी आणि तळाशी रेव-गोटे लागतात. उन्हाळा काढायला खोल डोह लागतो. डोहापासून रेवेपर्यंत जायला मोकळी वाट लागते. काठावर उंबर असला तर त्याची पडलेली फळंही तो खातो. मरळीचं सगळं उलट. तिला संथ, गवताळ पाणी आवडतं आणि तिथं नर-मादी मिळून पिल्लांची राखण करतात. वाम दगडांच्या कपारीत आणि वाळूत लपते. वाळू उपसली की तिचं घरच ट्रॉलीत भरून गेलं म्हणायचं.

म्हणजे डोह, खळाळ, रेव, काठची वाळुंज-करंज-जांभळाची झाडी, पुराचं पाणी पसरतं ती पाणथळ जागा आणि या सगळ्यांना जोडणारी वाट, एवढं मिळून एक घर होतं. स्वयंपाकघर आहे पण बाळंतिणीची खोली पाडली, तर त्या घरात वंश कसा चालणार?

अमेरिकेतलं हे मंडळ आहे तरी काय?

तिथं २००६ साली राष्ट्रीय मत्स्य अधिवास कृती आराखडा तयार झाला. राज्यांची मत्स्य खाती, केंद्राची खाती, गळ टाकणाऱ्यांच्या संघटना आणि निसर्ग संस्था असे सगळे एकत्र आले आणि देखरेखीसाठी एक मंडळ बसवलं. गंमत अशी की तेव्हा त्याला कायद्याचा आधार नव्हता. १४ वर्षं ते तसंच, समजुतीवर चाललं. ३० ऑक्टोबर २०२० रोजी निसर्ग संवर्धनाच्या एका मोठ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, त्यातलं एक प्रकरण या मंडळाचं होतं. आता त्यावर २६ सदस्य आहेत.

मंडळ स्वतः फावडं घेऊन नदीत उतरत नाही. प्रत्यक्ष काम करतात त्या 'भागीदाऱ्या'. त्या देशभर वीस आहेत. कुठली एका माशाभोवती उभी आहे, जशी पूर्वेकडच्या ब्रूक ट्राउटची. कुठली एका खोऱ्याची आहे, जशी अलास्कातल्या साल्मनची. एक वाळवंटातल्या झऱ्यांच्या माशांसाठी आहे आणि एक चक्क धरणांच्या जलाशयांसाठी. ही शेवटची मला फार आवडते. जुन्या जलाशयाचा तळ गाळानं सपाट होतो आणि पिल्लांना लपायला काही उरत नाही. मग ही मंडळी झुडपांचे भारे दगड बांधून तळाला सोडतात. आमच्याकडच्या कुठल्याही भोयाला हे सांगितलं तर तो म्हणेल, "त्यात काय विशेष? झाप टाकला की मासा येतोच."

भागीदाऱ्या आपली कामं सुचवतात, मंडळ त्यांची प्राधान्ययादी करून सरकारकडे पाठवतं आणि पैसा त्या यादीप्रमाणे जातो.

मंडळाला दंड करायचा, कारखाना बंद करायचा अधिकार आहे?

नाही. जमीन घेण्याचा नाही, पाण्याचे हक्क बदलण्याचा नाही, राज्याच्या मत्स्य खात्याला हुकूम सोडण्याचाही नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. "मग काय उपयोग?" असा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, त्याचं उत्तर खाली पंचगंगेच्या निमित्तानं येईल.

आपल्याकडं आहे की राष्ट्रीय मत्स्य मंडळ. हैदराबादला. मग नवीन कशाला?

आहे. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळ. त्याची इमारत माशाच्या आकाराची आहे, फोटो तुम्ही पाहिलाच असेल. योगायोग म्हणजे ते २००६ सालचंच. त्याच वर्षी अमेरिकेत माशाच्या घराचा आराखडा झाला आणि आपल्याकडं माशाच्या उत्पादनाचं मंडळ झालं. मी त्याला नावं ठेवत नाही. शेततळ्यातली मत्स्यशेती, बीज, पिंजरे, शीतगृहं यांत खूप काम झालं आहे. २०२० ला आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आकडाच २०,०५० कोटींचा होता.

पण त्या मंडळाचा प्रश्न 'मासा किती टन?' हा आहे. 'मासा राहतो कुठं?' हे विचारणं त्याचं मुख्य काम नाही. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात, पण तिथं वाघ-हत्तींची गर्दी असते. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण चेन्नईला आहे, त्याच्यापुढे मुंगीपासून वडापर्यंत सगळंच. नदीतल्या माशाचं घर या तिघांच्या मधल्या बोळात पडलं आहे.

हे सगळं दिल्लीचं झालं. पंचगंगेत नेमकं काय बिघडलंय?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पुढं पंचगंगा. नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला राधानगरी अभयारण्याचं जंगल आहे. ते राखलं गव्यासाठी, पण फायदा भोगावतीच्या उगमाकडच्या ओढ्यांनाही झाला. तिथलं पाणी आजही ओंजळीनं प्यावं असं आहे.

खाली येताना गोष्ट बदलते. शहराचे नाले मिळतात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून मळीमिश्रित पाणी येतं, पुढं इचलकरंजीच्या अंगाला कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी. मार्च ते मे नदीला वाहतेपण उरत नाही. मग एके दिवशी पेपरात फोटो येतो : तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच.

हे मासे विषानंच मरतात असं नाही. बहुतेकदा गुदमरून मरतात. सेंद्रिय घाण पाण्यात आली की ती खाणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. घाण किती प्राणवायू खाईल याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. आसवनीतला कच्चा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, चाळीस हजारांच्या पुढं जातो. त्यात उन्हाळा. वीस अंशांचं पाणी लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, तीस अंशांचं साडेसातच. वरून केंदाळाची चादर, म्हणजे उजेडही नाही आणि वाराही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मत्स्यजीवनासाठी ठरवलेली किमान पातळी ४ मिलिग्रॅम आहे. पहाटे नदीतला प्राणवायू सर्वांत खाली जातो, कारण रात्रभर सगळेच श्वास घेतात आणि तयार कोणीच करत नाही. म्हणून मासे पहाटे तोंड वर काढतात. जाळंवाले ते आधी बघतात, बाकीचे पेपरात वाचतात.

आता गंमत बघा. राजाराम बंधाऱ्यावर नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरही सांगेल. २०१९ ला ती ५५ च्या वर गेली तेव्हा आख्खा जिल्हा इंच-इंच मोजत होता. मे महिन्यात त्याच बंधाऱ्यावर प्राणवायू किती होता, हे कोणाला विचाराल?

मागे एकदा मेलेले मासे बघून मी आणि एक मित्र तक्रार घेऊन निघालो. पहिल्या टेबलावर म्हणाले, मासे मत्स्यव्यवसायचे. तिथं म्हणाले, पाण्याची प्रत प्रदूषणवाल्यांची. तिथं म्हणाले, पाणी सोडणं पाटबंधाऱ्याचं. तिथून वाळूचा विषय महसूलला गेला. चौघांपैकी कोणी खोटं बोललं नाही, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या कायद्यानं बरोबरच होतं. संध्याकाळपर्यंत मासे कुजले आणि पाणी पुढं निघून गेलं.

दंड न करणाऱ्या मंडळाचा उपयोग इथं आहे. दंड करणारे कायदे आपल्याकडं आहेत : १८९७ चा मत्स्य अधिनियम, महाराष्ट्राचा १९६० चा, १९७४ चा जल प्रदूषण कायदा, १९८६ चा पर्यावरण कायदा. एकाच नदीचा एक नकाशा समोर ठेवून या चार टेबलांना एकत्र बसवणारं कोणी नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रं झाली की नदी आपोआप सुधारेल ना?

थोडी सुधारेल. कसबा बावड्याचं दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं केंद्र राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून झालं, दुधाळीलाही केंद्र आहे. ती चाललीच पाहिजेत. पण स्वच्छ पाण्याच्या टाकीत खडस अंडी घालत नाही. पाणी सुधारलं आणि रेव उपसलेलीच राहिली, वाट अडलेलीच राहिली, तर चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया, तेवढी वाढेल. ती कुठंही वाढते.

म्हणजे बंधारे वाईट? कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तर आपला अभिमान!

अभिमान आहेच, आणि माझं सगळ्यात लांबलचक उत्तर इथंच आहे, कारण मला वाटतं कोल्हापूरनं देशाला शिकवावं असं काही असेल तर ते या बंधाऱ्यात आहे.

के. टी. म्हणजे 'कोल्हापूर टाइप' बंधाऱ्याची रचना आठवा. नदीत दगडी खांब, खांबांच्या मध्ये गाळे. पावसाळा सरला की गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे. जुन्या पद्धतीत फळ्यांच्या दोन ओळी आणि मध्ये माती. पाणी अडतं, ऊस जगतो. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पूर खांबांमधून मोकळा जातो. मोठं धरण बारा महिने भिंत असतं. हा बंधारा वर्षातले चार महिने उघडं दार असतो, आणि नेमके ते महिने माशांच्या चढणीचे!

मृगाचं पहिलं गढूळ पाणी आलं की कोळस, खडस आणि त्यांच्या कुळातले कितीतरी मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. याच चढणीच्या माशांसाठी लोक ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून बसतात. म्हणजे बंधाऱ्याची आणि माशाची वेळापत्रकं मुळात जुळणारी आहेत. बिघडतं ते दोन-चार ठिकाणी.

एक तर बरगे उशिरा निघाले की पहिली चढण बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकते. थव्यानं अडकलेला मासा म्हणजे जाळंवाल्यांची दिवाळी. दुसरं, खालचे काही बरगे गाळात रुतून तसेच राहतात आणि नदीच्या तळाशी कायमचा उंबरा तयार होतो. तिसरं सगळ्यात वाईट. उन्हाळाभर बंधाऱ्यामागं कुजलेलं, काळं पाणी साठलेलं असतं, ते बरगे एकदम काढल्यावर लोंढ्यानं खाली जातं आणि शिरोळच्या अंगाला मासे मरतात. आणि चौथी बाजू परतीची आहे. पावसाळा संपताना मोठा मासा खाली डोहाकडे येतो तेव्हाच बरगे घालायला सुरुवात झालेली असते.

यातल्या कशासाठीही बंधारा पाडावा लागत नाही. बरगे टप्प्याटप्प्यानं काढा. वरच्या धरणातून थोडं ताजं पाणी सोडून मग काढा. एक गाळा तळापर्यंत मोकळा राहील याची खात्री करा. आणि वरपासून खालपर्यंतच्या बंधाऱ्यांची वेळ एकमेकांशी जुळवा, नाहीतर वरचा उघडा आणि खालचा बंद, अशात मासा दोन दारांच्या मध्ये सापडतो. हे एका गावाला जमणारं काम नाही. त्याला खोऱ्याचं वेळापत्रक लागतं आणि खोरं नरसोबाच्या वाडीला संपत नाही, पुढं कर्नाटकात जातं. राष्ट्रीय मंडळ हवं ते त्यासाठी.

अमेरिकेत धरणं पाडतात म्हणे. उद्या राधानगरी फोडायला सांगाल!

कोण सांगेल? शाहू महाराजांचं धरण आहे ते. त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आजही बातमी होते.

अमेरिकेत क्लामाथ नदीवरची चार धरणं काढली हे खरं. २०२४ मध्ये काम संपलं आणि त्याच वर्षी साल्मन शंभराहून अधिक वर्षांनी धरणांच्या वरच्या अंगाला पोचला. ती जुनी वीजनिर्मितीची धरणं होती, शेतीला पाणी देणारी नव्हती, आणि तो निर्णय या मंडळाचाही नव्हता. मंडळाच्या भागीदाऱ्यांची बरीच कामं फार साधी असतात. रस्त्याखालची मोरी घ्या. ठेकेदारानं पाइप ओढ्याच्या तळापेक्षा फूटभर उंच बसवला की पाणी धबधब्यासारखं पडतं आणि बोटभर मासा वर चढू शकत नाही. मोरी तळाशी समतल बसवली की वरचा दोन-चार किलोमीटर ओढा माशांना परत मिळतो. शाहूवाडी, भुदरगड, आजऱ्याच्या रस्त्यांवरून जाताना एकदा मोऱ्यांकडे बघत जा.

आमच्या उपशाच्या मोटरी बंद करणार काय?

नाही. मंडळाला पाण्याच्या हक्काला हात लावता येऊ नये हे कायद्यात लिहून घ्यावं, अमेरिकेनं लिहिलंय तसं. पण डोहाचं शेवटचं हातभर पाणी उन्हाळ्यात ओढून घेऊ नये, एवढं गावानं आपापसात ठरवावं असं माझं मत आहे. यावर आमच्याच बैठकीत वाद झालेत आणि मिटलेले नाहीत.

भोई समाजाचं पोट मासेमारीवर. अधिवास म्हणून आमच्यावर बंदी आली तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा पाजूनच उत्तर द्यावं, कारण अभयारण्यांचा अनुभव त्याच्या बाजूनं आहे. जंगल राखताना जंगलातल्या माणसाला आधी बाहेर काढलं गेलं, हे देशभर घडलंय.

म्हणून मंडळाच्या रचनेतच हे बसवावं लागेल. अमेरिकेच्या २६ जणांत आदिवासी जमातींचे दोन प्रतिनिधी आहेत, जमीनमालकांचा एक, शेतीचा एक, स्थानिक स्वराज्याचा एक, उद्योगांचे दोन. फेडरल खात्यांच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्याकडं मंडळ झालं तर नदीतल्या पारंपरिक मच्छीमारांना हक्काच्या जागा हव्यात, आणि 'निमंत्रित' म्हणून नव्हे, मतासकट. नदीचा कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याच्याशिवाय अधिवासाचा नकाशा काढणार कोण?

जी बंदी हवी ती नवीन नाहीच. सुरुंगाचे तोटे फोडून आणि विष टाकून मासे मारणं १८९७ पासून गुन्हा आहे. आता त्यात करंटची भर पडलीय, तारेवर आकडा टाकून नदीत सोडतात. एका झटक्यात पिल्लंही जातात आणि अधूनमधून माणूसही. याचा सगळ्यात जास्त राग मला जाळंवाल्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालाय. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि कोळी ती पाळतात. नदीत चढणीच्या पहिल्या पंधरवड्यात बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाळं लावायचं नाही, एवढं जरी मच्छीमार संस्थांनी स्वतः ठरवलं, तरी पुढच्या वर्षीचा मासा त्यांचाच आहे.

दरवर्षी धरणात राहू-कटल्याची बोटुकली सोडतात. मासे तर वाढतातच की?

जाळ्यात वाढतात, नदीत नाही. राहू-मृगळ ही गंगेकडची मंडळी. जलाशयात ती छान पोसतात, संस्थांना उत्पन्न मिळतं, ते चालू द्या. पण त्याला नदीचं संवर्धन म्हणू नका. स्थानिक माशांची पिल्लं सोडणं वेगळं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास कित्येक दशकं चालू आहे आणि तिथली पिल्लं अनेक नद्यांत गेली. तरीही, ज्या नदीत रेव नाही तिथं सोडलेलं पिल्लू मोठं होईल आणि निपुत्रिक मरेल.

बंदी असलेला विदेशी मांगूर तळ्यांतून पुरात सुटतो तो आणखी एक ताप. तो जे मिळेल ते खातो.

मासे हा राज्याचा विषय. मग केंद्राचं मंडळ कायद्यात बसतं का?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, पाणीही. समुद्रात राज्याच्या हद्दीपलीकडची मासेमारी आणि आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे येतं. वाटा तीन दिसतात. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव केला तर कलम २५२ खाली संसद कायदा करू शकते, १९७४ चा जल प्रदूषण कायदा असाच आला. दुसरी, १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली केंद्र प्राधिकरण नेमू शकतं. तिसरी सगळ्यात गरीब, पण मला तीच पटते : कायदा नंतर, आधी खोरेनिहाय भागीदाऱ्या. अमेरिकेनं १४ वर्षं तेच केलं.

म्हणजे अजून एक मंडळ कागदावर?

ही भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. १९५६ साली नदी मंडळ अधिनियम झाला, आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं नेमता यावीत म्हणून. आजवर त्याखाली एकही मंडळ बसलेलं नाही. कायदा शाबूत आहे, फक्त मंडळं नाहीत. म्हणून कायद्याची घाई करणाऱ्यांना मी विचारतो, पहिल्या वर्षी मंडळ कुठल्या ओढ्यावर काय करेल ते सांगा. सांगता आलं नाही तर थांबा.

पैसे किती लागतील?

अमेरिकेच्या कायद्यात २०२१ ते २०२५ या वर्षांसाठी दरसाल ७२ लाख डॉलरची तरतूद होती, म्हणजे साठ-पासष्ट कोटी रुपये. एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम किरकोळ आहे. अट मात्र हुशार आहे : प्रकल्पाचा निदान निम्मा खर्च केंद्राबाहेरून उभा राहिला पाहिजे. त्यामुळे ज्याला खरंच काम करायचंय तोच येतो. आपल्याकडं ही अट जशीच्या तशी लावली तर श्रीमंत नगरपालिका पुढं जातील आणि आजऱ्याची ग्रामपंचायत मागं राहील. गावाचं श्रमदान आणि मच्छीमारांचा वेळ पैशात मोजून धरावा लागेल.

माशासाठी जागा राखलीय असं आपल्या भागात एक तरी उदाहरण?

आहे, अगदी उंबरठ्यावर. आंबोलीला महादेवाच्या देवळापाशी हिरण्यकेशीचा उगम आहे. तिथं सापडलेल्या एका छोट्या लोच माशाचं वर्णन २०२० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आलं. नाव नदीवरूनच ठेवलं, 'स्किस्टुरा हिरण्यकेशी'. संशोधकांत तेजस ठाकरे होते, म्हणून बातमी मोठी झाली. २०२१ मध्ये राज्य सरकारनं तिथला २.११ हेक्टरचा भाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. तीच हिरण्यकेशी खाली आजरा-गडहिंग्लजला येते. उगम राखला, खालच्या नदीचं काय, हा प्रश्न आजरेकरांनी विचारायला हरकत नाही.

त्याहून जुनी सोय देवाची. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनीच्या डोहातले महसीर कोणी मारत नाही, यात्रेकरू त्यांना खाऊ घालतात. सरकारी अधिसूचनेशिवाय पिढ्यानपिढ्या टिकलेला राखीव अधिवास तो.

मंडळ होईल तेव्हा होईल. आत्ता गावात काय करता येईल?

आधी नोंद. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्यानं जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही. तिच्यात माशांचं पान उघडून बघा. बहुतेक ठिकाणी चार-पाच नावं असतात. गावातल्या म्हाताऱ्या जाळंवाल्याला शेजारी बसवा, पंचवीस नावं निघतील, आणि 'हा आता दिसत नाही' असंही निघेल. तीच खरी नोंद.

बंधाऱ्याचे बरगे कोणत्या तारखेला घातले, कोणत्या तारखेला काढले आणि पहिली चढण कधी दिसली, या तीन तारखा दरवर्षी लिहा.

मासे मेले तर नमुना घेण्याची घाई करा, पण नीट. नाल्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडचं पाणी घ्या. बाटली काठोकाठ भरून घरी नेली तरी तिच्यातला प्राणवायू तुम्हाला काही सांगणार नाही, तो जागेवरच मोजावा लागतो किंवा रसायन घालून जागेवरच बांधून ठेवावा लागतो. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात हे येतं, एखाद्या प्राध्यापकाला आधीच सांगून ठेवा. वेळ पहाटेची साधा. दुपारी दोनला घेतलेला आकडा नदीला उगाच निरोगी दाखवतो.

आणि मेलेले मासे गोळा करून खाऊ किंवा विकू नका. दरवेळी कोणीतरी पोती भरतंच.

मंडळ झालंच, तर मुख्यालय कोल्हापूरला आणायची मागणी करायची का?

नको. माशाच्या आकाराची एक इमारत देशात आहे, तेवढी पुरे. प्रयाग चिखलीला एक खोली मिळाली तर बघू. एक होडी, प्राणवायू मोजायचं एक यंत्र, आणि भिंतीवर बरग्यांच्या तारखांचा तक्ता, राजाराम बंधाऱ्याच्या फुटांशेजारी लावलेला.